बरणी न येणारी घरं

शिरसईच्या रेशन दुकानात तांदूळ मोजून घेण्याआधी लोक आता मनगट एका खोबणीत ठेवत. यंत्र नाडीची लाट वाची, रक्तवाहिन्या किती ताठरल्या आहेत ते ठरवी आणि पडद्यावर एक आकडा दाखवी. सरकारी कागदांत त्याचं नाव धमनीवय. गावात सगळे त्याला आतलं वय म्हणत.

“छप्पन!” शेवंतीबाय ओरडल्या. जन्माच्या दाखल्यावर त्या चौसष्टच्या होत्या. “बघून ठेवा रे! आणखी थोड्या दिवसांनी सुनेच्या बरोबरीक येतलंय.”

“मग उद्यापासून विहिरीवरून पाणी तूच हाड,” रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि दुकान हसलं.

यंत्राशेजारी उभी असलेली डॉ. सुलक्षणा पेडणेकर हसली नाही. शिरसईचं आतलं वय उतरायला नको होतं.

उतरायचं होतं ते खाडीपलीकडच्या कातळवाडीचं. हृदयविकार झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो होऊच द्यायचा नाही, यासाठी नऊ देशांनी करार केला होता. समुद्री शेवाळापासून एक सौम्य मीठ तयार झालं होतं. त्यात सोडियम निम्मं आणि पोटॅशियम भरपूर. ते नऊही देशांत स्वस्त धान्याबरोबर घरोघर द्यावं, असा प्रस्ताव होता. मात्र आधी त्याचा गुण सिद्ध व्हायला हवा होता. म्हणून कातळवाडीला सौम्य मीठ दिलं आणि तुलनेसाठी शिरसईला नेहमीचंच ठेवलं. अभ्यास संपला की शिरसईलाही ते मिळणार होतं.

तीन वर्षांनी दोन्ही गावं सारखीच तरुण झाली होती. फरकच नाही, तर मिठाचा गुण कुठला? पावसाळा संपताच मंत्र्यांची बैठक होती, आणि असे आकडे घेऊन गेल्यावर प्रस्ताव तिथेच संपणार होता.

पलीकडचं मीठ इकडे येणार नाही, अशी खात्री सुलक्षणेनेच अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला दिली होती. “आमच्याकडे मीठ कुणी कुणाच्या हातावर देत नाही,” तिने सांगितलं होतं. “दिलं तर भांडण होतं म्हणतात. उसनंही मागत नाहीत.” समितीला ही रीत फार आवडली होती.

त्या दुपारी शेवंतीबायनी तिला पेज प्यायला घरी नेलं. सून प्रचितीने वाटीत आंब्याचं लोणचं वाढलं.

“खावन बघ,” शेवंतीबाय म्हणाल्या. “हिच्या आवशीचो हात बदललो गो. पूर्वी काय लोणचा असायचा! आता मागसून जिभेर कडू लागता.”

“कडू लागता, पण बरणी पंधरा दिवसांत रिकामी होता ती कशी?” प्रचिती चुलीकडूनच म्हणाली.

सुलक्षणेने फोड तोंडात घातली. आंबट, तिखट, आणि सगळ्यांत शेवटी जिभेच्या मुळाशी रेंगाळणारी ती बारीकशी कडसर चव. सौम्य मिठाची ही चव तिने प्रयोगशाळेत कितीदा घेतली होती.

“तुझं माहेर कुठलं गं?”

“कातळवाडी. ह्या गावातल्यो अर्ध्यो सुना थंयच्योच.”

“आणि लोणचं नेहमी तिकडूनच येतं?”

“लोणचा, सांडगी मिरची, पापड, खारो बांगडो, सगळा आईच धाडता. मीठ देवचा नाय ह्या खरा, पण बरणी दिल्याबिगर चेडवाक सासरी कोण धाडता?”

पुण्याला शिकत असताना सुलक्षणेच्या खोलीतल्या फळीवरही आईची बरणी असे. ते तिला आठवलं नव्हतं. तिने फक्त हातावरच्या मिठाचा विचार केला होता.

पुढचे दिवस ती घरोघर एकच प्रश्न विचारत हिंडली: पलीकडून बरणी येते का? अकरा घरांनी नाही म्हटलं. कुणाला मूलबाळ नव्हतं, कुणाची सून लांबच्या गावची होती, कुणाचं पलीकडच्यांशी वाकडं होतं. त्या अकरांचे आकडे तिने वेगळे काढले. बाकी शिरसई तरुण झाली होती. ही घरं मात्र आतून म्हातारी होत चालली होती.

मिठाचा गुण सिद्ध होत होता. समितीच्या प्रमुख डॉ. वांजिरू मोम्बासाहून बोलत. त्यांचं बोलणं फोन मराठीत करून ऐकवी, अगदी पाठ्यपुस्तकी मराठीत.

“हे आशादायक आहे,” फोन म्हणाला. “परंतु बैठकीपूर्वी या घरांची पुन्हा एकदा तपासणी व्हायला हवी. तोवर त्यांच्या आहारात बदल होऊ देऊ नका. मीठ कंपन्यांचे वकील एकही फट सोडणार नाहीत.”

“त्यांतले काही खरंच आजारी आहेत.”

“त्यांना औषधे मिळत आहेत ना?” फोनने विचारलं. “सुलक्षणा, मलाही हे सांगताना बरे वाटत नाही.”

कुठल्या घरी बरणी जात नाही, हे प्रचितीला कळलं तेव्हा ती ओशाळली. “बाबलकाका तर आमच्या पाठल्यादारी ऱ्हवतत. आमच्या कसा ध्यानात येवक नाय?” काकांसाठी तिने एक भरलेली बरणी सुलक्षणेच्या हातात दिली. नको म्हणायला हवं होतं. सुलक्षणा म्हणाली नाही.

बाबल कुबल पूर्वी होडी चालवत. बायको गेल्यापासून एकटेच राहत आणि बाजारातल्या खाऱ्या मासळीवर जेवण भागवत. खरं वय एकसष्ट, आतलं एकोणऐंशी. गोळ्या घेत होते. तरी अंगणातून पडवीत येईपर्यंत त्यांना धाप लागली.

सुलक्षणेने त्यांना सगळं सांगितलं. लपवून काही करणं तिला जमणार नव्हतं.

“म्हणजे माका कोण बरणी धाडणा नाय, ह्योच तुझो पुरावो?”

“तसंच आहे, काका.”

“आणि ही घेतली तर?”

“बैठकीत एक घर कमी. शिवाय आम्हीच आकडे बिघडवले, असंही म्हणतील.”

“त्या नऊ देशांत माझ्यासारखी एकटी माणसा असतीत?”

“पुष्कळ. म्हणून तर ते रेशनवर यायला हवं. बरणी सगळ्यांकडे जात नाही.”

बाबलकाकांनी बरणी हळूच तिच्याकडे सरकवली. “मग ऱ्हवांदे. पावसाळो सरापर्यंत मी कळ काढतंय.” मग ते खट्याळपणे हसले. “पण एक विचारू? मधीच माका काय झाला, तर तुझो पुरावो आणखी घट्ट होतलो, होय मां?”

उत्तर तिला ठाऊक होतं. हो, होणार होता.

तिने बरणीचं झाकण उघडलं, कोनाड्यातलं ताट घेतलं आणि त्यांच्यापुढे लोणचं वाढलं.

खाडी ओलांडून परतताना होडीतूनच तिने मोम्बासाला फोन लावला. जे केलं ते सरळ सांगितलं; समितीला तसंच कळवा, म्हणाली. मग तोच सपाट, शुद्ध आवाज आला.

“आणि उरलेली दहा घरे?”