सहा मुलांच्या वर्गातलं सातवं बटण

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आलो; या वयात मी कशाला बोलू?

गुरुवार होता. दिवसातला शेवटचा तास. शेवटच्या मजल्यावरची, जिन्याजवळची खोली.

माझ्या वर्गात मुलं सहाच. सगळी मुखदुर्बळ. म्हणून शाळेनं त्यांना छोटे रिमोट दिले होते. मी विचारायचं, त्यांनी बटण दाबायचं. पडद्यावर नुसता आकडा येतो; कुणी काय दाबलं ते दिसत नाही. एक बटण 'समजलं', दुसरं 'समजलं नाही'. ते कुणी दाबलं हे विचारायचं नाही, आणि तिथं शून्य आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा आमचा नियम.

त्या दिवशी पाव मोठा की एक अष्टमांश, हे शिकवलं.

"दाबा."

समजलं, सहा. समजलं नाही... एक.

मी मुलं मोजली. सहाच.

"सर, मशीनचंच गणित कच्चं आहे!" चिमणी म्हणाली. महिन्यापूर्वी हीच पोर स्वतःचं नावही सांगत नव्हती. सगळे हसले.

मी कागद दुमडून पुन्हा समजावलं.

सहा... आणि एक.

कपाट उघडलं. जास्तीचा रिमोट खोक्यातच होता. त्यात सेलसुद्धा नव्हते.

आता कुणी हसेना.

तेवढ्यात मुख्याध्यापक फेरीला आले. पडदा पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बंद करा ते खेळणं. पुढचा धडा घ्या. नाही तर उद्यापासून ही सहा पोरं मोठ्या तुकडीत बसवतो."

साठ जणांच्या तुकडीत माझी चिमणी पुन्हा मुकी झाली असती.

"नाही बसवायची," मी म्हणालो. "आणि इथं एकाला समजलेलं नाही. तोवर पुढचा धडा नाही."

"एकाला? कुणाला?"

"ते आम्ही विचारत नाही."

मागचा रिकामा बाक करकरला... कुणीतरी सरकून बसावं तसा.

साहेब दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. मोठ्या तुकडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मी त्या बाकाकडे तोंड करून तिसऱ्यांदा शिकवलं. हातातला खडू मोडला. आवाज मोडू दिला नाही.

"दाबा."

समजलं... सात.

घंटा झाली. मुलं रिमोट ठेवून पळाली. मी पडदा बंद करायला हात पुढे केला...

समजलं नाही, एक.

मी तर काही विचारलंच नव्हतं.

खुर्ची ओढून बसलो. "बोल बाळा. काय समजलं नाही?"

उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही. शाळा सुटल्यावर तो आकडा मात्र रोज येतो, आणि मी रोज अर्धा तास थांबतो.

भीती वाटते, नाही असं नाही. पण पोराला वर्गात एकटं टाकून घरी जायला मला कुणी शिकवलेलं नाही.