उजव्या कुशीवर

जैतुनाचं नवं तेल निघालं की पहिला बुधला चर्चच्या दिव्यांसाठी द्यायचा, ही आमच्या गावची रीत. त्या वर्षी मी तो घेऊन निघाले तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. वाऱ्याला घाण्यातल्या चोथ्याचा वास होता. चर्चमागच्या दफनभूमीत, ताज्या मातीपाशी, एक बाई बसली होती. ओढणीवरून कळलं, ओढ्यापलीकडच्या मुसलमान गावची.

पंधरवड्यापूर्वी त्या ओढ्यातच समुद्रापारहून क्रूस घेऊन आलेले फिरंगी आणि तुर्क भिडले होते. आम्ही ख्रिस्तीच, पण अरबी बोलणारे. फिरंग्यांना आमचा भरवसा नाही, तुर्कांना तर नाहीच. लढाई सरली तेव्हा सात पोरं पडलेली, आणि लुटारूंनी अंगावर धागा ठेवला नव्हता. कोण कुठल्या बाजूचा, कळावं कसं? उन्हानं चेहरे काळवंडलेले. सुंता बघावी, तर फिरंग्यांच्या तिरंदाजांत आमच्याकडचेही असतात, आणि आमच्यातही ती होते. मीच त्यांना धुतलं, मीच कफनं शिवली. आमच्या पाद्रीबाबांनी, अबूना सिमआननी, सगळ्यांना आमच्या रीतीनं पुरलं: उताणं, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी उठून बसतील तेव्हा प्रभू समोर दिसावा म्हणून.

"माझा सालिम यात आहे," ती बाई म्हणाली. नाव सफिय्या. "कुठला ते सांग ना, बहिणी."

"मला ठाऊक असतं तर..."

"उताणा निजवलाय ना? आमच्यात उजव्या कुशीवर निजवतात गं, तोंड मक्केकडं, दक्षिणेला. असा आभाळाकडं बघत कसा झोपेल तो?"

मी म्हटलं, कबरी उकरल्या तर किल्ल्यावरचे फिरंगी तुलाही ठेवायचे नाहीत नि मलाही.

"उकरू नको." ती उठली, दक्षिणेच्या भिंतीपाशी जाऊन बसली. "पाय पूर्वेलाच आहेत. नुसतं कुशीवर वळायचंय. मी इथून हाक मारते. आईच्या आवाजाकडं वळेलच की."

तेवढ्यात अबूना दारात आले. "मर्थे, तेल दिव्यात घालणारेस की गप्पांत?" मग त्यांनी तिला पाहिलं, सगळं ऐकलं. "बाई, मेलेलं माणूस कूस बदलत नसतं."

"तुम्ही कुठं आई आहात, अबूना?"

अबूना हसले. "बस, बस. हाकेवर अजून कुणी कर लावला नाही." आणि आत गेले.

सफिय्यानं हाक मारली. मोठ्यानं नाही. झोपलेल्या लेकराला मारतात तशी.

"सालिम... इकडं वळ, बाळा... मी आहे इथं..."

वारा पडला. पाऊस नसताना ओल्या मातीचा वास सुटला. आणि मग आवाज आला. पेंढ्यावर निजलेलं पोर झोपेत वळतं ना, तसा. खालून. एक ढेकूळ सुटलं, घरंगळत माझ्या पायाशी आलं.

"कुठली गं?" ती कुजबुजली. "कुठली हलली?"

मी बोट दाखवायला गेले. तोच शेजारचीही हलली... मग तिच्या पलीकडची... एकामागून एक, सातही.

मला वाटलं, ही आता किंचाळणार. तिनं ओढणीनं डोळे पुसले. "कुणाकुणाच्या आया समुद्रापार राहिल्यात गं," म्हणाली. "त्यांना कोण हाक मारणार?" आणि पुन्हा वाकली. या वेळी नाव घेतलंच नाही. "निजा, बाळांनो... निजा..."

त्यानंतर दर शुक्रवारी ती यायची, हातपाय चालेपर्यंत. मग ती गेली. पुढं कितीतरी वर्षांनी अबूनाही गेले. त्यांनाही मीच धुतलं. पाद्र्याला शोभेल असे उताणे, हात छातीवर बांधून निजवले. त्या सातांच्या शेजारीच जागा होती.

गेल्या उन्हाळ्यात जमीन हलली. भिंत कोसळली, कबरी फाटल्या. आम्ही माती लोटायला गेलो. सातही जण उजव्या कुशीवर, दक्षिणेकडं तोंड करून. मला नवल वाटलं नाही. मी क्रुसाची खूण केली नि फावडं उचललं.

मग अबूनांच्या कबरीत डोकावले. छातीवर बांधलेले हात सुटून गालाखाली गेले होते. गुडघे पोटाशी. तेही कुशीवर वळलेले, तिकडंच.

आणि हाक मारणारी सफिय्या तर त्यांच्या कितीतरी आधी गेली होती.