निळ्या हंडीला कोणी हलवलं?

बाहेरून कुलूप घातलेली खोली. किल्ली माझ्या कमरेला. खिडक्या बंद, पंखा बंद, वाऱ्याची झुळूक नाही. आत तीन दिवे टांगलेले. दोन लहान, आखूड साखळीचे, आणि मधली मोठी निळ्या काचेची हंडी, लांब साखळीची. लहान दिवे जागचे हलले नाहीत. हंडी मात्र झुलत झुलत गेली, खांबावर आपटली आणि फुटली. सांगा बघू, तिला कोणी हलवलं?

नाही ना सांगता येत? मग ऐका. मलाही आलं नव्हतं, आणि मी भागीरथी आजगावकर आहे. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. पण आमच्या कोकमाच्या वड्या आज चंद्रावरच्या वस्तीत जातात. तिथल्या माणसांना म्हणे जेवणाची चवच लागत नाही. आमची वडी तोंडात टाकली की मात्र एक डोळा मिटतो आणि जीभ जागी होते. तेव्हा ही बाई अडाणी आहे असं समजून वाचू नका.

वेंगुर्ल्याला समुद्राकडे तोंड करून आमचं घर आहे. ते सरळ डोक्याच्या माणसानं बांधलेलं नाही. आमचे हे, म्हणजे तात्या, मोडीत निघालेल्या एका गलबताची डोलकाठी घेऊन आले आणि ती छताखाली आडवी टाकली. दिवाणखान्यातून निघून भिंतीच्या भोकातून ती शेजारच्या दिव्यांच्या खोलीत जाते. अलीकडच्या टोकाला माझा झोपाळा, पलीकडच्या टोकाला ते तीन दिवे. निळी हंडी तात्यांनी स्वतःच्या हातानं टांगली होती. तात्या गेले, हंडी राहिली.

घरातली माणसंही घरासारखीच. माझा मुलगा विश्वंभर एका दिवशी एकाच रंगाचं अन्न खातो. पांढऱ्या दिवशी भात, दही आणि खोबरं, दुसरं काही नाही. जावई रघुवीरराव घरातसुद्धा छत्री उघडून बसतात. छताचा भरवसा नाही म्हणे! त्यांचं वजन बघता भरवसा जमिनीचा धरू नये, पण जावयाला कोण बोलणार? मी बोलते. बाकी भाचे-पुतणे पुष्कळ आहेत, त्यांची नावं सांगून तुमचं डोकं खात नाही.

दरवर्षी माझ्या वाढदिवसाला ही सगळी वरात जमते. मी झोपाळ्यावर बसते, पायानं जोर देऊन झोका घेते आणि घरातले निकाल देते. कोणी कारखाना बघायचा, कोणाचं भांडण मिटवायचं, सगळं. आमच्या घरचा नियम असा की झोपाळा हलत असताना जे बोलले ते पक्कं. तो थांबला की विषय संपला. आजवर मी दिलेला निकाल फिरवलेला नाही.

या बैठकीत यंत्रमानवांना बंदी. म्हणून विश्वंभरानं पेंद्याला दिव्यांच्या खोलीत नेऊन उभं केलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

पेंद्या म्हणजे माझ्या नातीचा, विश्वंभराच्या शाल्मलीचा, यंत्रमानव. एका पायानं जरा लंगडतो, म्हणून हे नाव. ती रांगत होती तेव्हापासून तो तिच्यामागे आहे. तिचे बोबडे शब्द त्यानं जपून ठेवलेत, आणि ती रुसली की त्यातलाच एक काढून तिला हसवतो.

त्या सकाळी मी चांगले मोठे झोके घेत होते. निकालही मोठे होते. इतक्यात भिंतीपलीकडे खळ्ळकन आवाज झाला. कुलूप उघडून बघतो तर हंडीचे तुकडे जमिनीवर, आणि त्यातले दोन पेंद्याच्या हातात.

"पेंद्या, काय केलंस हे?" विश्वंभर ओरडला.

"मी वीज भरून घेत होतो. डोळे मिटलेले होते," पेंद्या म्हणाला. "साखळी कुरकुरली म्हणून उघडले. हंडी आधीच झुलत होती. धरायला गेलो, पण पोचलो नाही."

"आपोआप झुलत होती? भुतानं ढकलली?"

"माहीत नाही, साहेब. माहीत नसलेलं मी सांगत नाही."

मी तशीच पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसले. डोळ्यांसमोर तात्यांचे हात दिसत होते. झोका घेतला आणि बोलले, "खोलीत दुसरं कोणी नव्हतं. यंत्र बिघडलंय. उद्या सकाळी कारागीर बोलवा आणि त्याची आठवण पुसून नव्यानं सुरू करा."

शाल्मली रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आजी, म्हणजे उद्या तो मला विचारणार, तुझं नाव काय."

मी पाय टेकवून झोपाळा थांबवला. विषय संपला.

संपला कसला! दुपारी जेवणं झाल्यावर पोरीनं दिवाणखान्याच्या भिंतीवर पडदा लावला. वाढदिवसाची भेट म्हणून तिनं माझ्यासाठी एक चित्रकादंबरी बनवली होती (पडद्यावर चित्रं येतात, खाली माणसांचं बोलणं उमटतं, आणि पुढे काय करायचं ते खेळणाऱ्यानं निवडायचं, जशी निवड, तशी गोष्ट). 'आजगावकरांच्या घरातलं रहस्य' असं तिचं नाव. चित्रात आम्ही सगळे उभे होतो. विश्वंभर दहीभात घेऊन, रघुवीरराव छत्री घेऊन.

"माझं नाक एवढं मोठं आहे?" मी विचारलं.

"मोजून काढलंय," शाल्मली म्हणाली.

आता तिनं त्यात सकाळची बैठक घातली होती. पेंद्या दर आठवड्याला घर झाडतो तेव्हा सगळ्या वस्तूंची मापं घेतो. ती मापं आणि वजनं तिनं खेळात भरली होती. वस्तू झुलतात कशा, पडतात कशा याचे नियमही. शिवाय खेळात मागे फिरायची खूण होती. ती दाबली की पुन्हा त्याच क्षणाला येता येतं आणि वेगळी निवड करता येते. आयुष्यात अशी खूण असती तर मी दोन लग्नं तरी मोडली असती. माझं नव्हे, मुलांची.

सगळे तुटून पडले. रघुवीररावांनी पेंद्याला बाहेर काढला, खिडकी उघडली, वारा सोडला आणि वर एक भूकंपही घातला. हंडी फुटली. "बघा, भूकंप!" ते म्हणाले.

"जावईबापू, भूकंप झाला असता तर लहान दिवे काय हात जोडून उभे राहिले असते?" मी म्हटलं. "आणि एकदम चार गोष्टी बदलल्यात, तर कोणत्या गोष्टीनं फुटली ते कळणार कसं? आमसुलांना बुरशी आली की मी मीठ, ऊन आणि टोपली एकदम बदलत नाही. आधी मीठ बदलून बघायचं, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. तेव्हा कुठं चोर सापडतो."

शाल्मली माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, यालाच नियंत्रित प्रयोग म्हणतात (बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं)."

"नाव काहीही ठेवा. चल, कर."

तिनं खूण दाबली. पहिल्यांदा फक्त पेंद्याला खोलीबाहेर काढलं. हंडी तरीही झुलली आणि फुटली.

पुन्हा मागे. फक्त झोपाळा थांबवून ठेवला. हंडी शांत!

विश्वंभर माझ्याकडे बघायचं टाळू लागला.

"सासूबाईंच्या वजनानं असेल," रघुवीरराव हळूच म्हणाले.

"मग तुम्ही बसा की!" शाल्मलीनं माझ्या जागी त्यांचं चित्र बसवलं. माझ्या दुप्पट वजन. हंडी तशीच झुलली. मग तिनं एका किडकिडीत भाच्याला बसवलं. थोडा जास्त वेळ लागला, पण हंडी झुलायची ती झुललीच.

"म्हणजे कोण बसलंय याला फारसं महत्त्व नाही," ती पुटपुटली. "पण झोपाळा तर कितीतरी वर्षं आहे. हंडी आत्ताच का झुलली? आजी, झोपाळ्यात यंदा काही बदललंय?"

आता ऐका. तात्या उंच होते. झोपाळा त्यांच्या मापानं टांगलेला. मी त्याच्यावर बसून सगळ्या घराला हुकूम सोडायची, आणि माझे पाय लहान पोरीसारखे लोंबकळायचे. झोक्यासाठी जोर द्यायलाही बोटांवर उतरावं लागायचं. यंदा वाढदिवसाच्या तोंडावर मी कोणाला न सांगता साखळीत कड्या वाढवून घेतल्या. मालकिणीचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

पण पोर वाट बघत होती, आणि भिंतीला टेकून पेंद्या उभा होता.

"साखळी लांबवली आहे," मी म्हटलं. "मी."

शाल्मलीनं खेळात साखळी पुन्हा आखूड केली. बाकी काही नाही. चित्रातली मी झोके घेत राहिले, घेत राहिले. हंडी जरा थरथरली आणि गप्प झाली.

"सापडलं!" ती उडीच मारून उठली. मग तिनं मला समजावलं, आणि मी तुम्हाला तसंच सांगते.

दोरीला वजन बांधून टांगलं की झाला लंबक (टांगलेलं, झुलणारं वजन). माझा झोपाळा लंबक, हंडीही लंबक. प्रत्येक लंबकाचा स्वतःचा ताल असतो. एकदा पुढे जाऊन, मागे जाऊन पुन्हा जागेवर यायला जेवढा वेळ लागतो तो त्याचा आवर्तकाल (एका पूर्ण झोक्याचा वेळ). तो वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतो. आखूड लंबक घाईनं झुलतो, लांब लंबक सावकाश.

आता लहान मुलाला झोका देताना काय करता? एका बोटानं ढकललं तरी चालतं, पण वेळेवर. झोका परत येऊन पुढे निघाला की हलका धक्का. प्रत्येक धक्का आधीच्यात मिसळतो आणि झोका मोठा होत जातो. भलत्याच वेळी ढकललं तर होता तो झोकाही मोडतो. तालावर मिळालेले बारीक धक्के असे साठत जाणं, याला म्हणतात अनुनाद.

मी झोका घेतला की डोलकाठी केसभर हलते. डोळ्यांना दिसत नाही. ते केसभर हलणं भिंतीच्या भोकातून पलीकडे जातं आणि तिन्ही दिव्यांना सारखंच मिळतं. लहान दिव्यांचा ताल वेगळा, त्यांना ते धक्के भलत्या वेळी लागतात. पण मी साखळी लांबवली आणि माझा ताल नेमका हंडीच्या तालाशी जुळला. मी इकडे निकाल देत होते, आणि हंडी तिकडे मान डोलवत होती.

"छान आहे," विश्वंभर म्हणाला. "पण खेळ हिनंच बनवलाय. त्यात हिचा पेंद्या सुटणारच."

बोलला ते खरं होतं, आणि शाल्मलीलाही ते पटलं. "हो बाबा. खेळानं अंदाज दाखवला. खरं काय ते खऱ्या खोलीतच बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर पेटी घेऊन आला. "जरा चहा घे आणि बस," मी त्याला सांगितलं. हंडीच्या साखळीला शाल्मलीनं तांब्याची कळशी टांगली, हंडीच्याच उंचीवर. दोन्ही बाजूंना लहान दिवे होतेच. खोली रिकामी केली आणि दार सताड उघडं ठेवलं. सगळी वरात दाराशी गोळा झाली. पेंद्याला मी मुद्दाम माझ्या शेजारी उभं केलं, सगळ्यांना दिसेल असं.

मग मी झोपाळ्यावर बसले. पाय जमिनीला टेकवले आणि जोर दिला.

पहिल्यांदा काहीच नाही. विश्वंभर घसा खाकरू लागला. मी झोके घेत राहिले. गुडघे दुखत होते, पण दुखतात म्हणून सांगायची माझी रीत नाही. शाल्मलीनं पेंद्याचं बोट घट्ट धरलं होतं.

"हलली," रघुवीरराव कुजबुजले. त्यांनी छत्री मिटली होती.

कळशी हलली. आधी बोटभर, मग वीतभर, मग हातभर. लहान दिवे तिच्या दोन्ही बाजूंना उगीच किंचित थरथरत होते. रिकाम्या खोलीत ती कळशी माझ्या झोक्याबरोबर ये-जा करू लागली, आणि शेवटी खांबावर जाऊन ठण्णकन आपटली.

माझा झोपाळा अजून हलत होता. हलताना बोललेलं पक्कं, हे साऱ्यांना ठाऊक होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कालचा निकाल मी फिरवते," मी म्हटलं. "हंडी माझ्या झोक्यानं फुटली. पेंद्याची आठवण कोणी पुसायची नाही. आणि पुढच्या वर्षापासून तो बैठकीत बसेल. माहीत नसलेलं सांगत नाही, असं म्हणणारा या घरात एक तरी हवा."

"आभारी आहे, आजी," पेंद्या म्हणाला. "तुमचं नाकही खेळात थोडं लहान करू का?"

"नको. मोजलंय ना? असू दे."

कारागीर चहा पिऊन गेला. दुपारी शाल्मली माझ्या शेजारी झोपाळ्यावर येऊन बसली. "आजी, लांबीसारखीच आणखी एक गोष्ट झोक्याचा ताल बदलते. जमिनीची ओढ. चंद्रावर ती पृथ्वीच्या साधारण सहावा हिस्साच. तिथं हाच झोपाळा टांगला तर एक झोका पुरा व्हायला जवळजवळ अडीचपट वेळ लागेल."

"म्हणजे माझे निकालही अडीचपट लांब होतील."

"मी मोठी झाल्यावर टांगणार आहे. तिथल्या वस्तीत. तू येशील?"

"डोलकाठी कुठे आहे ते आधी बघ," मी म्हटलं, "आणि तिला आणखी काय काय टांगलंय तेही." पण माझ्या मनात हिशेब सुरू झाला होता. अडीचपट सावकाश झोका म्हणजे गुडघ्यांना बरंच.

नवी हंडी आणायचं ठरलं तेव्हा विश्वंभरानं विचारलं, "आई, मग झोपाळ्याची साखळी पुन्हा आखूड करायची ना?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. "माझे पाय आता जमिनीला टेकतात. साखळी हंडीची आखूड करा."