उंबऱ्याचा दगड

लाइट गेलीच आहे तर ऐका. आधी मोबाईलच्या बॅटऱ्या बंद करा, माझ्या डोळ्यांत मारू नका. ही गोष्ट कुठे वाचलेली नाही. कैलास माझ्या शेजारचा, इथे माले गावातच, त्याच्या-माझ्या घराची भिंत एक. त्याच्या तोंडून ऐकली तशी सांगतो.

दोन हजार तेवीसचा मे महिना. एकोणीस तारीख, शुक्रवार, वैशाखातली अमावस्या. दुपारी कैलास मोटारसायकलवरून पौडला गेला होता, तिळाच्या तेलाची बाटली आणायला. आईने बजावलं होतं, दिव्याला तिळाचंच तेल पाहिजे, तुमचं ते पिशवीतलं पातळ पाणी नको. आई म्हणजे आक्काबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर धावून यायची. डोळे गेले तरी जीभ मात्र शाबूत होती.

दिवा कसला, ते सांगतो. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की जुनं गाव वर येतं, हे तुम्ही पाहिलंय. फोटोही काढलेत. शंभर वर्षांपूर्वी गाव पाण्यात गेलं, वीज मुंबईला गेली आणि आमचे म्हातारे डोंगराला लागले. आज लाइट गेली म्हणून मी तुम्हाला अंधारात गोष्ट सांगतोय, ही त्यातलीच गंमत. तर त्या गावात भिंती उरल्या नाहीत. जोती उरली. आणि कैलासच्या घराच्या जोत्यावर उंबरा उरला होता. काळा घडीव दगड, चांगला लांबलचक, एका टोकाला वाटीएवढी खळगी. जुन्या कवाडाचा खुंट त्या खळगीत फिरायचा.

आक्काबाईची सासू त्या उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात आली, आणि वर्ष व्हायच्या आत डोक्यावर बोचकं घेऊन तोच उंबरा ओलांडून निघाली. तिनेच रीत घातली. वैशाखी अमावस्येला, तिन्हीसांजेला, उंबऱ्यावर दिवा ठेवायचा आणि म्हणायचं, "आमी हाये. वाट मोकळी हाय." घरातली जी गेलेली माणसं तिथेच मागे राहिली, त्यांना जाता-येता यावं म्हणून. सासूमागे आक्काबाईने एक वर्ष चुकवलं नाही.

त्याच उन्हाळ्यात पाण्याच्या वरच्या अंगाने ती पायवाट होत होती, तुम्ही सकाळी चालून आलात ती. फॅमिली ट्रेल. नदी धरणाला मिळते तिथून सुरू, पाण्याच्या कडेकडेने, चढ नाही, बसायला बाकडी. आजोबा चालतील आणि दुधाचे दात पडलेलं पोरही चालेल. वाट चांगली आहे, मी वाईट म्हणत नाही. काम एका कॅम्पवाल्याचं, मॅनेजर दिग्विजयसाहेब, आणि कैलास त्यांचा मुकादम. वाटेत एक ओघळ लागतो, तिथे पायऱ्या हव्या होत्या. साहेब म्हणाले, वरून सिमेंट दिसता कामा नये, जुन्या घडीव दगडाचा लुक पाहिजे, शनिवारी उद्घाटन आहे. वर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हे नीट झालं की तुला पर्मनंट करून टाकतो.

जुना घडीव दगड मिळणार कुठे? खाली, जुन्या गावात. पण दुसऱ्याच्या जोत्याला हात लावला असता तर उभं गाव भांडायला आलं असतं. म्हणून या शहाण्याने आपल्याच घरचा काढला. सरळ माणूस चुकतो तो असाच. बुधवारी पहारी लावून, दोर बांधून, ट्रॅक्टरने उंबरा वर नेला, खालून सिमेंट भरून ओघळाची वरची पायरी केली. जोत्यावर दुसरा एक लांब दगड ओढून ठेवला. म्हटलं, आईला दिसतंय कुठे.

शुक्रवारी सूर्य कलल्यावर त्याने आईला पाठकुळी घेतलं आणि सुकलेल्या गाळातून जोत्यापर्यंत नेलं. एका हातात पणती, खिशात बाटली. तिला दगडाजवळ बसवलं. म्हातारीने आधी पदर डोक्यावर घेतला, मग तळहात दगडावर ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला.

"खळगी कुटं हाय?"

"गाळ बसलाय, आई. भरली आसंल."

"गाळ मऊ आसतुया."

आंधळ्या माणसाशी खोटं बोलायला धाडस लागत नाही पोरांनो, लाज गुंडाळून ठेवावी लागते. ती त्याने ठेवली होती.

"ह्यो आपला उंबरा न्हाई," ती म्हणाली. "उचल मला. दुसऱ्याच्या दारात दिवा लावू का मी?"

बाटलीचं सीलही न तोडता दोघं घरी आले.

रात्री ती जेवली नाही. शेजारची रत्नाबाई भाकरी-पिठलं घेऊन आली, तिलाही नको म्हणाली. दाराजवळ घोंगडीवर बसून राहिली. नऊच्या सुमारास कैलासला साहेबांचा फोन आला, उद्याची पाहुणेमंडळी लवकर येणार, वाटेवरचे सोलर दिवे लागलेत का बघून ये. कैलास चपला घालू लागला तेव्हा म्हातारी बोलली.

"कुटं नेलास त्यो?"

आता खोटं जिभेवर येईना.

"पायवाटेला पायरी केली, आई. पुण्याची लोकं येणार हायेत. ल्हान ल्हान पोरं."

"त्यावर पाय देणार ती?"

कैलासने दुसरी चपल पायात सरकवली.

"आन् आपल्या घरातली मान्सं कुटनं येतील-जातील मग?"

कैलास तिच्यापुढे उकिडवा बसला. "उद्याचा कार्यक्रम हुंदे. परवा चार गडी नेतो आन् उंबरा जागेवर बसिवतो. तुजी शप्पथ."

"परवा," आक्काबाई म्हणाली. एवढंच. आणि तोंड दाराकडे केलं.

रत्नाबाईला तिच्याजवळ बसवून कैलास निघाला. कॅम्पच्या फाटकात गाडी लावली आणि वाटेला लागला. अमावस्येचा अंधार तुम्ही आत्ता बघताच आहात. पण सोलरचे दिवे रांगेत लागलेले होते, पलीकडे पाणी, भीती वाटावी असं काहीच नव्हतं. दिवे बघत बघत तो ओघळापाशी आला.

तिथला सोलर दिवा विझलेला होता.

तरी उजेड होता. लहानसा. पिवळा.

वरच्या पायरीच्या टोकाला ज्योत जळत होती. खळगीत. आणि तिच्या पलीकडे कोणीतरी बसलं होतं, पाठमोरं, पदर डोक्यावर. कैलासला वाटलं, कॅम्पवरची कामवाली बाई असेल.

"कोन हाय तितं?"

तो दोन पायऱ्या चढला. तिसरीवर पाय ठेवला.

"पाय काढ."

आवाज हळू होता. ओळखीचा होता.

त्याने खाली पाहिलं. पाय उंबऱ्यावर होता. त्याने झटकन काढला.

"आई...? तू हितं कशी? कुनी आनलं तुला?"

"पाय धू. मग आत ये."

आत? ... पायरीच्या मागे करवंदीच्या जाळ्या. बस, दुसरं काही नाही. पण जाळ्यांमागून चुलीचा धूर आला. जातं फिरल्याचा आवाज आला. कोणी खोकलं. एक बाळ रडलं, आणि त्याला कोणीतरी थोपटलं...

"समदी आलीत," ती म्हणाली. "वाट चुकली हुती, पर आली. तू येतुयास का?"

ती मागे वळत होती. हळू... हळू...

खिशातला फोन वाजला.

रत्नाबाई होती. रडत होती. "कैलास, आरं कुटं हायेस? आक्का गेली रं! बसल्या जागी मान टाकली..."

"कवा?"

"आत्ताच. माज्या मांडीवर हाय ती."

कैलासने मान वर केली. पलीकडे कोणी नव्हतं. धूर नाही. जातं नाही. खळगीतली ज्योत तेवढी जळत होती. वारा असून हलत नव्हती.

तो कसा घरी आला, त्याचं त्याला आठवत नाही. दारात उभा होता तेव्हा मी पाहिला त्याला. पायांत चपला नव्हत्या, आणि आईच्या प्रेताकडे बघायच्या आधी तो आमच्या सगळ्यांच्या पायांकडे बघत होता.

शनिवारी सकाळी आम्ही आक्काबाईला पाण्याच्या काठावर पोचवलं. सरण रचत होतो तेव्हा कॅम्पवरचा माणूस आला. साहेबांनी विनंती केली आहे म्हणाला, उद्घाटनाला लहान मुलं आहेत, धूर तिकडे येतोय, जरा आत घेता का. मला इतका संताप आला की हातातलं लाकूड त्याच्या डोक्यात घालावं. कैलास म्हणाला, "घ्या आत." आम्ही घेतलं. शंभर वर्षं आम्ही आतच सरकतोय. पलीकडे फुगे सुटले, टाळ्या वाजल्या, पोरं त्या पायरीवर उड्या मारत होती. त्यांचा काय दोष?

रविवारी, म्हणजे त्याच्या परवाला, कैलास चार गडी आणि पहारी घेऊन गेला. दिग्विजयसाहेब त्याच्याशी गोड बोलले. आईचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, पण तो दगड आता नाही निघणार रे, लोकांचे सगळे फोटो तिथेच निघतात, आणि सिमेंट तर तूच इतकं पक्कं भरलंयस. गडी माघारी फिरले. पुढे त्याला पर्मनंटही केलं नाही, पण ते जाऊ द्या, तेवढी अक्कल आता त्यालाही आली आहे.

त्या संध्याकाळी लोक निघून गेल्यावर कैलास एकटा परत गेला. उंबरा नेता येत नाही तर निदान दिवा तरी लावावा, आईचा राहिलेला. शुक्रवारी आणलेली बाटली बरोबर घेतली. कॅम्पवाल्यांनी दोन्ही दिवस पायरी साबणाच्या पाण्याने धुतली होती, सुकून स्वच्छ झाली होती. तो बाजूला खाली बसला, दगडाला हात जोडले आणि झाकण फिरवायला बाटली हातात घेतली.

आणि थांबला.

खळगी काठोकाठ भरलेली होती. मध्ये वात होती. काजळी धरलेली, नुकती विझलेली.

त्याने बोट बुडवलं.

तेल होतं... तिळाचं. कोमट.

बाटली त्याने तशीच घरी आणली. अजून त्याच्या फळीवर आहे, सील न तोडलेली. उद्या दाखवीन तुम्हाला.