तीन खोट्या गोष्टी

रहस्यकथेतलं पात्र कसं घडवावं, यावर धनंजय मुळावकरांनी भिलाईच्या मराठी मंडळात भाषण दिलं होतं. कृती साबुदाण्याच्या खिचडीइतकी सोपी: ओळखीतला एक माणूस घ्यावा आणि त्यात तीन खोट्या गोष्टी कालवाव्यात. शेजारी ओळखत नाही, वाचक विसरत नाही. सगळ्यांत जोरात टाळ्या भाऊरावांनी वाजवल्या. यंदाच्या दिवाळी अंकासाठी आपल्यालाच घेतलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

भाऊराव रुआबांधा वसाहतीतले शेजारी, स्टील प्लांटमधून निवृत्त. रोज संध्याकाळी चहाला यायचे. कथेत धनंजयनी त्यांचा डावा पाय लंगडा केला, चहात मीठ घालायची सवय लावली आणि वाचकाला कणव यावी म्हणून बायको मारून टाकली. तिच्यावर एकच वाक्य खर्च केलं. त्यात तिला ना नाव होतं, ना चेहरा. भाऊरावांच्या पत्नी, खऱ्या राधाबाई, पाटवडीचा रस्सा केला की आधी धनंजयकडे डबा पाठवत.

कथा संपादकांकडे पोचली त्या आठवड्यात भाऊराव लंगडत आले.

"पाय मुरगळला का?"

"नाही ना भाऊ. सकाळी उठलो तं असा. डॉक्टर म्हणे, एक्सरे एकदम फर्स्ट क्लास."

वय झालं, असं धनंजयनी मनाला सांगितलं. मग भाऊरावांनी मीठ मागून घेतलं आणि चहात ढवळलं.

"हे काय करून राहिले?"

"काय जी? मी तं नेहमीच असा पितो."

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. अंक छापायला निघाला होता. काही बदल आहे का?

"तो विधुर काय उतरलाय हो! बायकोचं ते एक वाक्य तर मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं."

तिसरी गोष्टही खरी होण्याआधी तेच एक वाक्य काढायचं होतं. धनंजयनी तोंड उघडलं. पण इतकं कौतुक त्यांच्या वाट्याला याआधी कधी आलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "राहू द्या तसंच."

फोन ठेवला आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की चपला घालून ते तसेच शेजारी गेले.

दार भाऊरावांनी उघडलं. भिंतीवर हार घातलेला नवा फोटो होता. भाऊराव त्याला उदबत्ती ओवाळत म्हणाले, "धनंजय आले, बरं का."

फोटोत जरीकाठाचा पदर होता, मंगळसूत्र होतं. त्याच्या वर, चेहऱ्याच्या जागी, नुसता गुळगुळीत कागद.

आतून बांगड्या वाजल्या.

"भाऊजी आले का? बरं झालं." आवाज राधाबाईंचाच.

भाऊरावांनी मान वळवली नाही.

"हे माह्याशी बोलूनच नाही राहिले हो. काही चुकलं का माह्यं?"

चहाचा कप समोर आला. धरणारा हात ओळखीचा, बोटांना हळद. धनंजयनी नजर बशीवर रोवली.

"वर पाहा ना जरा, भाऊजी. मघापासून आरशात माह्यं तोंडच दिसून नाही राहिलं."

"चहा छान झालाय," धनंजय बशीला म्हणाले. अजून त्यांनी घोटही घेतला नव्हता.