शेवटच्या खोलीतलं राज्य

"या, या! दोघं आलात, एकच जाईल. चपला मात्र दोघांनीही इथंच काढा." मावशी बोलली आणि पडद्यावरचे दोन्ही धैर्यशील एकाच क्षणी हसले.

ही मावशी म्हणजे 'जोडीदार' या खेळातला आवाज. गावोगावची पोरंथोरं सध्या याच कोड्यांच्या नादी लागलेली. डोक्यावर टोप चढवला की शरीर खुर्चीत झोपतं आणि मन खेळात उतरतं, तेही एक नाही, हुबेहूब दोन. या जोडीला खेळवाले 'जोडमन' म्हणतात. प्रत्येक खोलीत मधोमध एक पाट आणि समोर एक दार. एकजण पाटावर बसला तरच दार उघडतं, दुसरा बाहेर पडतो आणि दार मिटलं की बसलेला पुसला जातो. पुढच्या खोलीत पुन्हा नवी जोडी. पाटावर बसल्याचं कुणालाच आठवत नाही, कारण आठवायला तो उरतच नाही. म्हणून तर मावशीच्या टोमण्यांवर लोक पोट धरधरून हसायचे.

रसिका हसत नव्हती. धैर्यशील तिचा पाठचा भाऊ, आणि तो सकाळपासून तिच्यासमोर खुर्चीत निपचित पडला होता.

"अहो, टोप काढा की ओढून!"

"काढला तर खुर्चीत नुसतं शरीर उरेल," डॉ. उल्का सबनीस म्हणाल्या. खेळ त्यांनीच बांधलेला. "मन आत आहे. बाहेर यायला वाट एकच, आणि त्या वाटेनं एकच मन येऊ शकतं. संध्याकाळपर्यंत मेंदू त्याची वाट पाहील. त्यानंतर तो मन परत घेणार नाही."

"मग बसावं की एकानं पाटावर! त्यात काय एवढं?"

"तेच तर होत नाहीये. आधीच्या खोल्यांत काहीतरी वेगळं असायचं. एकजण खिडकीजवळ, दुसरा भिंतीजवळ. तेवढ्यानंही दोघांच्या मनात फरक पडतो आणि कुणीतरी आधी हलतं. ही शेवटची खोली मी आरशासारखी केली. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. संगणकात योगायोगसुद्धा आपल्यालाच घालावा लागतो, बाई. इथं मी तो घातला नाही. म्हटलं, कोडं जरा अवघड होऊ दे. तुमचा भाऊ इथवर पोचलेला पहिलाच."

"अवघड झालं ना? भरून पावलो आम्ही!"

पडद्यावर दोघंही पाटाकडे निघाले, एकमेकांना धडकले, "सॉरी, तू जा" असं एकसुरात म्हणाले आणि मागं सरले. मग दोघांनी हात पुढे केले. दोघांचे तळवे पालथे. पुन्हा केले, तर दोघांचे उताणे.

"चकतोय गाढव!" रसिकाला रडू फुटलं. "दोघांत कुणी चकतं का? तिसरा हात लागतो."

"तो तिसरा हात तुमचा," डॉक्टर म्हणाल्या. "खोलीत बाहेरून फक्त आवाज जातो. तो एकाच्याच कानात सोडता येईल. एकाशी बोललं की झाला फरक. पण मावशी थापा मारते हे त्याला ठाऊक आहे, तिचं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकेल."

"पण यातला खरा कुठला? डावा का उजवा?"

"दोन्ही."

"असं कसं? एक तरी नक्कल असेल ना!"

"दोन्ही नकला, आणि दोन्ही तुमचे भाऊ. तुमच्या लग्नात पंगतीला वाढून वाढून पाय दुखले होते, हे दोघांनाही आठवतंय. मघाशी तेच बोलत होते."

खुर्चीतल्या धैर्यशीलचे ओठ पांढरे पडत चालले होते. रसिका माइकपाशी सरकली. 'ये' म्हणावं, तर दुसऱ्याला मागं टाकून तो येणाऱ्यातला नव्हता. 'बस' म्हटलं तर मात्र बसेल. लहानपणी लपाछपीत राज्य घ्यायला कुणी तयार नसलं की ती याच्याकडे बोट करायची, आणि हा एका शब्दानं कुरकुर न करता भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणायला लागायचा.

तिनं बटण दाबलं. "धैर्या, मी ताई. राज्य तू घे."

डाव्यानं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच ते दोन चेहरे वेगळे दिसले.

"एवढंच ना, ताई?" तो हसून म्हणाला आणि पाटावर मांडी घालून बसला. उजवा दाराशी घुटमळला तेव्हा यानंच त्याला हातानं 'जा जा' केलं.

"बस हो बाळा," मावशी म्हणाली. "तुला शोधायला कुणी येणार नाही."

दार मिटलं. खुर्चीतल्या धैर्यशीलनं डोळे उघडले. रसिका त्याच्या गळ्यात पडली, रडली, त्याला दोन शिव्या घातल्या आणि पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावू लागली.

"ताई, तो एकदम हसला आणि बसला. काय सांगितलंस त्याला?"

खोटं बोलायचं तिनं ठरवलं होतं. जमलं नाही. "राज्य घे, म्हटलं."

"मला म्हणाली असतीस तरी मी बसलो असतो."

"माहीत आहे रे मला."

"मग त्यालाच का?"

रसिकानं टेबलाकडे पाहिलं. तिथं दोन बटणं होती, डावं आणि उजवं.

"ते हाताशी होतं," ती म्हणाली.

धैर्यशीलनं मान डोलावली, तिच्या हातातला पेला अलगद काढून घेतला आणि आपल्या हातानं पाणी प्यायला.