डावीकडचं सीट

माझा कुकर गडगडत त्याच्या पायाशी जाऊन थांबला, तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसून केळं खात होता.

मुरुम गावच्या वेशीवर गतिरोधक आहे, असं तिथले लोक म्हणतात. मी त्याला बांध म्हणते. गाडी त्यावरून उडाली, मागचं दार उघडलं आणि माझा संसार रस्त्यावर आला... कुकर, पातेली आणि, देवा, वाळत घातलेला परकर!

"घर सांडलं तुमचं," कुकर पुढं करत तो म्हणाला. परकराकडे त्याने पाहिलं नाही. इतकं ठरवून पाहिलं नाही की मलाच हसू आलं.

शाळेची जुनी मिनीबस घेऊन मी तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली होती. पुस्तकांसाठी चित्रं काढायचं माझं काम कुठूनही होतं, मग आमच्या ईट गावातच कशाला बसायचं? आई म्हणते, राजनंदिनीच्या पायाला भिंगरी आहे. असेल! पण गाडी वळणावर अशी डुलायची की स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरावं लागायचं. मला समुद्र गाठायचा होता, आणि वाटेत घाट होता. नव्या सामानाचा खर्च तर ऐकवतही नव्हता.

"आधी खर्च न्हाय, आधी वजन," तो म्हणाला. त्याचं नाव विरेश. गाड्यांच्या बुडाचे, धक्के झेलणारे पोलादी पाटे बसवायचं त्याचं दुकान होतं.

आडतीच्या वजनकाट्यावर, सोयाबीनच्या ट्रॅक्टरांमागे आम्ही रांग लावली. आधी डावी चाकं काट्यावर, मग उजवी. आत बसल्या बसल्याच आमचा वाद जुंपला.

"डावी बाजू लई जड हाय. टाकी, ओटा, पुस्तकं... समदं एकीकडं कोण रचतं?"

"तिकडून उजेड चांगला येतो."

"उजेडापायी गाडी कलंडली असती की!"

"मग? उजेडात तरी कलंडली असती."

तो हसला. आणि मी, उगाचच, आरसा नीट केला.

पुस्तकं उजवीकडे गेली. टाकी खाली, जमिनीलगत आली. ट्रकसारखी ठासलेली हवा त्याने चाकांतून कमी केली, भंगारातल्या एका गाडीचे चांगले शॉकअप शोधून आणले आणि डावीकडे एक जास्तीचा पाटा घातला. दर कामानंतर चाचणी. काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन तो डावीकडच्या सीटवर बसायचा आणि मी उमरग्याच्या रस्त्याने गाडी हाकायची. पाणी सांडलं की परत जॅक.

"मुद्दाम खड्ड्यात घालताय व्हय?" ओली विजार झटकत तो म्हणायचा.

"चाचणी आहे ना!"

"गाडीची हाय. माझी न्हाय."

"कशावरून?"

यावर तो खिडकीबाहेर बघायचा. बाहेर परतीचा पाऊस भुरभुरत असायचा आणि त्याचे कान लाल झालेले असायचे.

त्याची आई, लक्ष्मम्मा, मी दिसले की कानडीत विचारायची, "ऊटा आयतेन?" जेवलीस का? मग कडक भाकरी, शेंगाची चटणी. "हिला बसायला सांग की रं," ती लेकाला म्हणायची. "सारखी उभीच!"

शेवटच्या चाचणीला थेंबही सांडला नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

"झालं," तो म्हणाला. "आता घाट खुशाल उतरा."

"हं... झालं."

तो तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. थांब म्हणाला नाही. म्हणाला असता, तरी मी थांबले नसते. तरीही मला राग आला, आणि त्या रागातच सकाळी मी निघाले.

सवयीने मी भरलेला तांब्या डाव्या सीटवर ठेवला होता. नळदुर्गच्या अलीकडे पहिलं मोठं वळण आलं, गाडी उजवीकडे झुकली आणि तांब्या माझ्या मांडीवर उपडा झाला. गाडी बाजूला घेतली. चाकं बघितली, हवा बघितली. सगळं ठीक. मग रिकाम्या सीटकडे लक्ष गेलं.

वजन केलं तेव्हा तो तिथे होता. चाचणीला तिथे होता. आम्ही दोघांनी सगळा तोल त्याला धरून साधला होता! मी तिथेच, ओल्या कपड्यांनी, रडायला लागले. मला तो हवा होता. गाडी मी तशीच मागे वळवली.

"उजवीकडे झुकतेय," दुकानासमोर उतरत मी म्हणाले.

तो बुडाखाली वाकला. थोड्या वेळाने वर आला, कान लालच. "म्या आत बसलेलो... चुकलंच. पाटा काढतो."

"पाटा कशाला?" लक्ष्मम्मा दारातून म्हणाली. "ज्वारीचं पोतं ठेव की सीटवर."

त्या शहाण्याने खरंच पोतं आणलं! सीटवर ठेवलं. गाडी सरळ झाली.

"पोतं बोलत नाही, विरेश."

"न्हाय."

"तांब्याही धरत नाही... मला तू आवडतोस. चल ना."

तो अगदी हळू म्हणाला, "एवढंच ऐकायचं होतं. जाणाऱ्याला कसं अडवावं, ते मला येत न्हाय. पर संग यायला... लई आवडंल." आणि त्याने पोतं खांद्यावर घेतलं.

"दोघंच? लगीन न्हाय, काय न्हाय!" लक्ष्मम्मा लुगडं सावरत पायरी उतरली. "मी मागं बसते. समुद्र मलाबी बघायचाय."

विरेशने कपाळाला हात लावला. "आई बसली की मागची बाजू दबंल. परत वजन करावं लागंल..."

मी चावी काढून त्याच्या हातात दिली.

"करू की. मला कुठं घाई आहे?"